आछा छापाचे बारा कोयते

खडकवाडीच्या आश्रुबा लोहाराला जगातलं एकच अक्षर काढता यायचं, ते म्हणजे 'आ'. तेसुद्धा शाळेत शिकून नव्हे. एका मास्तरांनी विळ्याला धार लावून घेतली आणि मोबदल्यात त्याच्या नावाचं पहिलं अक्षर खडूनं ऐरणीवर काढून दाखवलं, तेवढीच त्याची शाळा. पण गड्यानं त्या एका अक्षरावर सगळं आयुष्य भागवलं. भट्टीतून निघालेल्या प्रत्येक कोयत्यावर, मुठीच्या थोडं वर, छिन्नीनं ठोकलेला 'आ' असायचा. पाटोद्याच्या बाजारात ऊसतोडीला जाणारी माणसं आधी तो 'आ' बघायची आणि मग पात्यावर अंगठा फिरवायची. ज्याच्यावर 'आ' नाही तो कोयता आपला नाही, आणि जो आपला नाही तो कोयताच नाही, असं खुद्द आश्रुबाचं मत होतं. स्वतःविषयी त्याची मतं नेहमीच चांगली असायची.

दुसरी खूण कानाची. मुठीच्या शेपटाला तो एक पितळी कडी अडकवायचा. उसाच्या फडात हाताभरावरचं माणूस दिसत नाही. कोयता कुठं चाललाय ते ऐकू आलं नाही, तर उसाबरोबर कुणाची तरी नडगी तुटायची. म्हणून गड्याच्या कोयत्याला जाड आवाजाची कडी आणि बाईच्या कोयत्याला बारीक आवाजाची. नवरा-बायको फडात एकमेकांचं तोंड न बघता दिवस काढायचे, आणि तरी कोण कुठं आहे, कोण दमलंय, कोण रागात आहे, सगळं कडीवरून कळायचं. रागातली कडी तर शेजारच्या फडातसुद्धा कळायची.

आता खरी गोष्ट सांगतो. लोहाराच्या भट्टीवर नवरा काय करतो? सांडशीनं तापलेलं लोखंड धरतो आणि बारक्या हातोडीनं 'इथं मार' म्हणून टिचकी देतो. त्या टिचकीवर डोक्यापासून घण आणून घालते ती बायको. आश्रुबाची बायको छबुबाई अशी घण घालायची की रस्त्यानं जाणारी बैलं बिचकायची. घणही तिच्या माहेरचा, अंबाजोगाईकडचा. तिच्या बापानं लेकीला पाटल्या दिल्या नाहीत, घण दिला. भाता तीच ओढायची. पात्याला पाणी द्यायचं, म्हणजे लाल पातं पाण्यात बुडवून कडक करायचं, तर ते पाणीसुद्धा तीच डोक्यावरून आणायची. आणि गिऱ्हाईक कोयता हातात घेऊन म्हणायचं काय? आश्रुबाचा हात लई भारी.

एकदा तिनं सहज म्हणून बघितलं की 'आ'शेजारी माझाही 'छ' ठोका की. आश्रुबा म्हणाला, छ हे लई वेटोळ्याचं अक्षर, पात्याला तडा जाईल. तिला वाचता येत नव्हतं, तिनं मान्य केलं. खरं कारण असं की आश्रुबाला छ कसा दिसतो तेच माहीत नव्हतं. पण हे कबूल करण्यापेक्षा त्यानं पुऱ्या मराठी बाराखडीवर दोष ढकलला.

शहाऐंशीच्या सालात पावसानं तोंड काळं केलं. विहिरींना तळ लागले, ऊस जागच्या जागी वाळून गेला, आणि कारखाने टोळ्या घेईनात. टोळ्याच जाणार नसतील तर नवा कोयता कोण घेणार? भट्टीवर कोळी जाळं करून बसला. टँकरवर छबुबाई हंडा घेऊन उभी राहिली की बाया टोमणे मारायच्या, माणसाला प्यायला न्हाई आन् हिला लोखंडाला पाणी द्यायचंय. लोखंडाला द्यायचं पाणीही आता उरलं नव्हतं आणि लोखंडही. शेवटी एका सकाळी छबुबाईनं चुलीसमोर बसून सांगून टाकलं की आपण ऊसतोडीला नाव द्यायचं. आश्रुबा मागंच सरकला. जन्मभर कोयते केले, पण ऊस एक तोडलेला नाही. पायलीभर ज्वारी उचलायची तर कंबर धरणारा गडी तो. लोहारानं फडात वाकायचं म्हणजे शोभतं का, असं काहीतरी तो पुटपुटला.

"उसात बाईला अर्धा कोयता तरी म्हणत्यात," छबुबाई म्हणाली. "तुमच्या भट्टीत मी कोण हाय? भात्याचा दांडा?"

हे अर्धा कोयता प्रकरण बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. आमच्या भागात कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे. ऊसतोडीला जाणारं जोडपं, नवरा आणि बायको मिळून, त्याला एक कोयता म्हणतात. एकटाच गडी किंवा एकटीच बाई असली तर अर्धा कोयता. मुकादमाला विचारा, टोळी केवढी? तो सांगेल, वीस कोयते. म्हणजे वीस संसार, पोरंबाळं आणि शेरडं सोडून. आता हे ध्यानात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ याच शब्दानं घातला.

गावातला शहादेव फौजेत होता, आणि साध्या नव्हे, कमांडो पलटणीत. सुट्टीवर आला तेव्हा आश्रुबाकाकाचा एक कोयता घेऊन गेला होता. जाताना कडी तेवढी काढून घरीच विसरला. त्या पलटणीत रीत अशी की सरकारी सुरा सगळ्यांना मिळायचा, पण जंगलात झाडी तोडायला मनाजोगं हत्यार हवं असेल तर पलटण नामी कारागीर शोधायची, नमुना घासूनपुसून बघायची, आणि पसंत पडला तर एकेका जवानाच्या हाताच्या मापानं करून घ्यायची. शहादेवच्या कोयत्यानं एका झटक्यात बांबू तोडलेला मेजरसाहेबांनी बघितला आणि विचारलं, कुणी केला? झालं. शहादेवनं लागलीच गावच्या कारागीर सहकारी सोसायटीत फोन लावला.

या सोसायटीचे चेअरमन मोहनराव. लोहार, सुतार, चांभार यांची सोसायटी, आणि चेअरमनला हातोडी कुठून धरतात ते ठाऊक नाही. जमीन बख्खळ, मिशा त्याहून बख्खळ. गावात फोन एकच, तो सोसायटीत, त्याला कुलूप, आणि किल्ली मोहनरावांच्या जानव्याला. लांबचा फोन असला की ते लांबच्या मानानं ओरडायचे. शहादेव पलीकडून सांगत होता की छावणीला बारा कोयते पायजेत, मापं घ्यायला आश्रुबाकाकाला धरून लवकर पाठवा. अलीकडं मोहनरावच एवढ्या मोठ्यानं हॅलो हॅलो करत होते की त्यांना ऐकू आलं ते इतकंच: छावणी, बारा कोयते, आश्रुबाला धरून, लवकर.

आणि मोहनरावांनी अर्थ काय लावला? बारा जोडपी. का नाही लावणार? सगळा तालुका तोच अर्थ लावतो. मिलिटरीची शेती असतीच, शेती आहे म्हणजे ऊस असणार, त्यांनी पारावर छातीठोक सांगितलं. दुष्काळात बारा कोयत्यांना काम आणलं म्हणून गावानं त्यांना फेटा बांधला. अकरा जोडपी ठरली, आणि 'आश्रुबाला धरून' बारावा कोयता आश्रुबा-छबुबाई. आश्रुबानं हात जोडून विचारलं की फोन नीट ऐकला का, पण चेअरमनच्या कानावर शंका घेणारा तो कोण? शेवटी टोळीचे कोयते शेवटायला, म्हणजे तापवून नवी धार काढायला, लागतील असा बहाणा करून त्यानं ऐरण, सांडशी आणि भाता पोत्यात घातला. छबुबाईनं घण वेगळा बांधला. तो माझ्या म्हायेरचा हाय, मी जिथं तिथं तो, एवढंच बोलली आणि ट्रकात चढून बसली.

छावणीच्या फाटकावर पहारेकऱ्यानं काय बघितलं असेल, विचार करा. एक ट्रक येऊन थांबला आणि त्यातून कोयते घेतलेली दोन डझन माणसं उड्या मारून उतरली. मागून पोरं, कोंबड्या आणि एक शेळी. बिचाऱ्यानं शिट्टी फुंकून फुंकून गाल सुजवून घेतले. आमची माणसं मात्र मुक्कामाला पोहोचली की आधी चूल मांडतात. केशरबाई नावाची टोळीतली थोराड बाई होती, तिनं फाटकाशेजारच्या शोभेच्या तोफेखाली तीन दगड मांडले आणि तोफेच्या नळीला नातवाची झोळी बांधून टाकली. जवान बंदुका घेऊन धावत आले तेव्हा ती त्यांना हळू पळा म्हणून दटावत होती, पोरगं नुकतं निजलंय.

शहादेवला बोलावलं. त्यानं गावची माणसं बघितली, कपाळावर हात मारला आणि खालीच बसला. फौजेत राहून गडी कोयता म्हणजे कोयता समजायला लागला होता. आता मेजरसाहेबांना हे सांगायचं कसं? तो हिंदीत सांगत गेला की साहेब, हेच कोयते आहेत, म्हणजे कोयते त्यांच्या हातात आहेत, पण तसे हे स्वतःही कोयते आहेत. मेजरसाहेब उत्तरेकडचे. त्यांनी दोनदा ऐकलं आणि शहादेवला ऊन लागलंय का ते विचारलं. पण माणूस भला. दुष्काळातून आलेली माणसं परत कशी लावायची, म्हणून त्यांनी चांदमारीच्या, म्हणजे नेमबाजीच्या, मैदानावरची वेडी बाभूळ तोडायचं काम टोळीला दिलं. आणि कोयते मागवले होते, कोयते आलेत, तर चला बघूनच घेऊ, असं ठरलं.

बारा कमांडो टोळीतले कोयते कमरेला खोचून झुडपातून सरपटत निघाले. परीक्षा अशी की पुढं डोळे बांधून बसलेल्या सुभेदाराला चाहूल लागता कामा नये. आता कडीचं कुणाच्या लक्षात राहिलं होतं? बारा जण सरपटायला लागले आणि सगळं मैदान पोळ्याच्या मिरवणुकीसारखं वाजायला लागलं. सुभेदारानं डोळे न सोडता बारा जणांकडं बोट दाखवलं. वर केशरबाई बांधावरून सांगत होती की तो डावीकडचा माझा कोयता घेऊन चाललाय, आवाजच सांगतोय.

मेजरसाहेब हसून हसून थकले आणि मग म्हणाले की हे काही आपल्या कामाचं नाही. आश्रुबाचं तोंड एवढंसं झालं. उसात वाकण्यापासून वाचण्याचा हा एकच रस्ता, आणि तोही त्याच्याच कडीनं बंद केला. वर गडी अडून बसला की कडीशिवाय कोयता म्हणजे आंधळा कोयता, आपण तसला करणार नाही. तेव्हा छबुबाई पुढं झाली. या माणसांना एकमेकांना हुडकायचं नाही, लपायचंय, एवढं तिनं त्याला समजावलं आणि मेजरसाहेबांना शहादेवकडून सांगितलं की बारा मुके कोयते इथंच करून देतो. साहेब म्हणाले, पसंत पडले तर पलटण दरसाल तुमच्याकडूनच घेईल.

आश्रुबा खुलला. पण रात्रीच्या भाकरीला छबुबाईनं दुसरी गोष्ट सांगितली. घाटाखालच्या एका कारखान्याला अजून माणसं पाहिजे होती आणि बाभूळ संपली की केशरबाईची टोळी तिकडं जाणार होती.

"हे बारा हुईपर्यंत मी घण घालीन," ती म्हणाली. "मग मी केशरबाईसंगं जाणार. तुमी आलाव तर एक कोयता, न्हाईतर अर्धा. घण माझ्यासंगं येईल."

आश्रुबानं भाकरी बाजूला ठेवली. पलटणीचं काम मिळालं काय आणि न मिळालं काय, घण गेला तर भट्टी संपली. दुसरा घण मिळेल हो, पण घालणार कोण? आणि खरं सांगायचं तर त्याला घणाची नव्हे, तिची भीती वाटली, म्हणजे तिच्यावाचून राहायची. इतक्या वर्षांत हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. आता आलं ते जाईना.

कामाला मात्र दोघं भिडली. छावणीत मोडक्या ट्रकांच्या कमानीचे पाटे पडले होते, ते बघूनच आश्रुबाचे डोळे भरून आले, असलं लोखंड दुष्काळात स्वप्नात दिसत नाही. मुठीच्या मापासाठी तो ओल्या मातीचा गोळा माणसाला आवळायला लावायचा. छावणीत तसली माती नव्हती, म्हणून त्यानं छबुबाईचं बाजरीचं पीठ मळून घेतलं. बारा कमांडो ओळीनं बसून पिठाचे गोळे आवळतायत आणि छबुबाई पिठाकडं बघून हळहळतेय, असा तो देखावा. वाळवायला ठेवलेल्या त्या बारा मुठींतली सुभेदाराची मूठ शेळीनं खाल्ली. सुभेदाराला पुन्हा आवळायला बसवलं तर तो म्हणाला, पहिली जास्त चांगली जमली होती.

आश्रुबानं जन्मभर पातं लखलखीत केलं होतं. आता सांगणं आलं की चकाकता कामा नये, उजेड पडला तर जीव जाईल. त्यानं करडीचं तेल लावून पाती धुरकटून काळी केली. मुठी अशा बसवल्या की हलवलं तरी टक्क वाजू नये. आणि दिवसभर छबुबाईचा घण पडत राहिला, टिचकीमागं घण, टिचकीमागं घण. दोघं एक शब्द बोलत नव्हती. बोलायची गरज त्यांना भट्टीवर कधी पडलीच नव्हती.

राहिली छाप. कोयते ओळीनं मांडून आश्रुबा छिन्नी घेऊन बसला आणि हात थांबला. तेवढ्यात एक नवा जवान फाटकावरची पाटी मोठ्यानं वाचत गेला. छावणी. आश्रुबानं मान वर केली. छावणी. छबुबाई. आरं, ही तर एकाच अक्षराची की! तो उठला, पाटीखाली गेला आणि कोळशानं ते अक्षर तळहातावर उतरवून आणलं. आता अक्षर संपतं कुठं, हा प्रश्न. पुढं एक उभा दांडा होता. त्याच्या 'आ'ला असा दांडा होता, म्हणजे सगळ्याच अक्षरांना असणार, असा हिशोब करून त्यानं दांड्यासकट घेतलं. छबुबाई पाण्याला गेली होती तेवढ्यात बाराही कोयत्यांवर 'आ'शेजारी ते ठोकून टाकलं. एकाही पात्याला तडा गेला नाही.

पाहणीच्या दिवशी फाटकात टोळीचा ट्रक उभा होता आणि छबुबाई डोक्यावर गाठोडं घेऊन त्याच्यापाशी. इकडं कोयते पसंत पडले होते. सुभेदाराला या खेपेला कुणाचीच चाहूल लागली नव्हती, उलट एकानं त्याची टोपी काढून नेली होती. मेजरसाहेबांनी एक कोयता उन्हात धरला, छापावर नजर लावली आणि वाचलं, "आछा". मग खो खो हसत शहादेवला विचारलं की हा माणूस आपल्याच मालावर अच्छा लिहितो की काय. सगळी पलटण हसली. पुढं त्या कोयत्याला अच्छा हेच नाव पडलं ते कायमचं.

शहादेव आश्रुबाच्या कानाशी लागला, काका, काना जास्तीचा पडला, ह्ये चुकलंय.

"चुकलं न्हाई," आश्रुबा म्हणाला, आणि हे त्यानं जरा मोठ्यानं म्हटलं, ट्रकापर्यंत जाईल असं. "आ म्हंजी मी. छा म्हंजी ती."

शहादेवकडून मेजरसाहेबांना अर्थ कळला तसं हसू ओसरलं. दरसाल काम द्यायचं तर कारखाना केवढा आहे ते बघायला हवं, म्हणून त्यांनी विचारलं की भट्टीवर माणसं किती.

"एक कोयता," आश्रुबा म्हणाला.

शहादेवनं हिंदीत सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. एकदा या शब्दानं त्याची फजिती केली होती. मग त्यानं हळूच ट्रकाकडं बोट दाखवलं आणि साहेबांना सांगितलं, दोघं आहेत, पण मोजायची एकच.

छबुबाई गाठोडं घेऊनच चालत आली. एक कोयता उचलला, बोटानं छाप चाचपली आणि यातलं माझं कोणतं ते विचारलं. आश्रुबानं दाखवलं. लई वेटोळ्याचं हाय खरं, ती म्हणाली. आश्रुबा खाली बघून म्हणाला की मला येतच नव्हतं, म्हणून इतके दिस पात्याच्या तड्याचं कारण सांगितलं. तिनं डोक्यावरचं गाठोडं ऐरणीशेजारी उतरवलं आणि गाठ सोडली. आत माहेरचा घण होता आणि त्याच्याभोवती गुंडाळलेलं एक पोतं. लुगडं नाही, भांडं नाही, मिठाची पुडीसुद्धा नाही.

केशरबाईनं ते ट्रकातून बघितलं आणि ड्रायव्हरच्या टपावर थाप मारली. "चल बाबा," ती म्हणाली, "हिला यायचंच नव्हतं."